लोकलमध्ये सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणारा दिसला की रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन लावायचा?

कोपरखैरणेकर:
प्रवाशांच्या ग्रुपवर काल एका महाशयांनी फतवा काढला: 'ठाणे-वाशी गाडीत कोणी येशूचं काढलं की लगेच १३९ लावा.' का बुवा? कलम २५ मध्ये धर्माच्या प्रचाराचा हक्क स्पष्ट लिहिलाय. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुवार्तेला निघणाऱ्यांना आधी काय शिकवतात ते तरी ऐका. सुरुवात पापापासून करायची नाही. आधी समोरच्याचं ऐकायचं. त्याने आपणहून घरातलं आजारपण काढलं, तर 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' एवढंच विचारायचं. हो म्हणाला तरी डोक्यावर हात ठेवायचा नाही, दोन वाक्यांत आटपायचं, आवाज शेजाऱ्यापलीकडे जाता कामा नये. नको म्हणाला की विषय बंद. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ बघा. सुवार्तिक फिलिप्प एका अधिकाऱ्याच्या रथापाशी धावत गेला खरा, पण त्याने फक्त विचारलं, 'वाचताय ते समजतंय का?' वर येऊन बस असं म्हणाला तो अधिकारी, इथिओपियाच्या राणीच्या खजिन्यावरचा.

घणसोली_स्लो:
दादा, कलम २५ सांगता तर १९७७ चा स्टेनिस्लॉस खटलाही सांगा. सुप्रीम कोर्ट म्हणतं, आपल्या धर्माची तत्त्वं मांडा, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क यात येत नाही. आणि रथात तो अधिकारी मालक होता, हवं तर उतरवलं असतं. इथे संध्याकाळच्या गर्दीत खिडकीतला माणूस जाणार कुठे? बाजूला तुमचा सुवार्तिक, चौथ्या सीटवाला अर्धा बाहेर लटकलेला, समोर उभ्यांच्या बॅगा. नको म्हणायलासुद्धा पाय मोकळे लागतात. वर ते पत्रक: 'आज रात्री मेलात तर कुठे जाल?' हॉस्पिटलमधून परतणाऱ्याच्या हातात हे द्यायचं?

कोपरखैरणेकर:
पत्रकाबाबत गप्प बसतो. पण १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना गाडीतच एका अनोळखी गोऱ्या माणसाने बायबलचा नवा करार दिला होता. १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा १३९ नव्हता हे नशीब म्हणायचं.

घणसोली_स्लो:
टिळकांनी तो स्वतः वाचला, वाद घातले, दोन वर्षं झगडले. त्या माणसाने नंबर घेऊन रोज सकाळी सहाला फुलांवर छापलेलं वचन पाठवलं नाही! खरा त्रास गाडीतून उतरल्यावर सुरू होतो.

ठाण्याची_ईस्ट_इंडियन:
या मुद्द्यावर घणसोलीकर बरोबर आहेत, मान्य करायचं जिवावर येतंय तरी. नंबर मागायचा नाही. आपलं नाव नि चर्चचा पत्ता द्यावा, यायचं तर तो येईल. दुसरं, पलीकडच्याच्या देवाबद्दल त्याने विचारलं तरी मत द्यायचं नाही. १३२१ मध्ये आपल्या ठाण्यातच काजीने फ्रान्सिस्कन साधूंना पैगंबरांबद्दल विचारलं, त्यांनी तोंडावर उत्तर दिलं आणि चौघे जिवाला मुकले. आम्ही त्यांना हुतात्मे मानतो. पण ते धैर्य ऐरोली ते रबाळे दाखवायची गरज नाही.

कळवा_पूर्व:
एवढं गोड बोलून कोण चर्चमध्ये जातंय? तांदूळ आणि शाळेची फी मिळते म्हणून जातात.

विटाव्याचा:
काका, हिशेब येतो का? अनुसूचित जाती आदेश १९५०, परिच्छेद ३ वाचा. दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा दर्जा गेला. त्या दर्जाची शिष्यवृत्ती, राखीव जागा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळं गेलं. शिखांना १९५६ ला घेतलं, बौद्धांना १९९० ला. ख्रिस्ती अजून बाहेर. दहा किलो तांदळासाठी पोराचा जातीचा दाखला कोण घालवेल?

कळवा_पूर्व:
म्हणूनच रविवारी मंडळीत नि कागदावर हिंदू! ही फसवणूक नाही?

विटाव्याचा:
फसवणूक म्हणा. पण कागद खरा केला तर पोराची सीट जाते, खोटा ठेवला तर तुम्ही चोर म्हणता. गावात विहिरीवर मात्र बाप्तिस्म्याचा दाखला कोणी बघत नाही, तिथे जात तीच राहते. आदिवासींचं तसं नाही, अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. मग अट फक्त दलितांनाच का, ते बोला.

कळवा_पूर्व:
जात चर्चमध्ये नसते असं तुमचेच लोक सांगतात. मग सवलत कशाला?

ठाण्याची_ईस्ट_इंडियन:
नसते? लग्नाची स्थळं बघताना एकदा येऊन ऐका.

घणसोली_स्लो:
चला, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. आता हेही पत्रकावर छापा.