१६ऐवजी २१ ते २३ जुलै बघा
जपानमधल्या क्योतोच्या गिओन मात्सुरीला, म्हणजे रथांच्या उत्सवाला, मुलांना घेऊन १६ जुलैच्या संध्याकाळीच जा, असा एक सल्ला वाचला. ते मला अजिबात पटत नाही. १५ आणि १६ला शिजो रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद असतो, खाऊच्या गाड्या लागतात, हे खरं. पण आतल्या गल्ल्या एकेरी करतात. एकदा शिरलं की मागे फिरता येत नाही आणि बाबागाडी अडकते. त्यापेक्षा उत्सवाच्या उत्तरार्धाचे, म्हणजे दुसऱ्या मिरवणुकीआधीचे, २१ ते २३ जुलै घ्या. उभे रथ, कंदील, बासरी-झांज सगळं असतं, गर्दी कितीतरी कमी. खाऊच्या गाड्या मात्र नसतात, म्हणून मुलांना जेवूनच न्या.

आणि तिथे मिळणारा चिमाकी खाऊ समजून घेऊ नका! तो वर्षभर दारावर टांगायचा, बांबूच्या पानांचा ताईत आहे.

मिरवणूक (१७ला किंवा २४ला) बघायची तर वळणावरच थांबा. मोठ्या रथांची चाकं वळत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली फोडलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, पाणी ओततात आणि दोरांनी आडवं ओढून तीन-चार झटक्यांत अख्खा रथ फिरवतात. कावारामाची-ओइके चौक रुंद आहे, दोन्ही मिरवणुका तिथे वळतात.