शिक्षा बोस्टनला झाली, मग व्हर्जिनिया का पेटली?

प्रश्न:
16 डिसेंबर 1773 च्या रात्री अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींपैकी मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टनच्या धक्क्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या समुद्रात रिकाम्या करण्यात आल्या आणि त्याची शिक्षा म्हणून ब्रिटिश संसदेने त्या शहराचे बंदरच बंद केले, इथवरचा क्रम मला समजतो. परंतु ही नासधूस वसाहतींतल्या अनेकांना पटलेली नव्हती. वसाहतींची बाजू मांडणारे खुद्द बेंजामिन फ्रँकलिन यांचेही मत चहाची भरपाई द्यावी असेच होते. असे असताना शेकडो मैल दूरच्या, तंबाखूवर जगणाऱ्या व्हर्जिनियाने हे प्रकरण एवढे मनावर का घेतले?

पहिला प्रतिसाद:
कायद्यातली कलमे वाचली की उलगडा होतो. 1 जून 1774 पासून बोस्टनच्या बंदरात माल चढवण्यास आणि उतरवण्यास बंदी आली, आणि ईस्ट इंडिया कंपनीला भरपाई मिळून शहरात शांतता नांदते आहे अशी राजाची खात्री पटेपर्यंत ती उठणार नव्हती. नागरिकांसाठी किनाऱ्याने येणारे अन्न आणि सरपण यांना सूट होती, पण त्या गलबतांनाही आधी बोस्टनजवळच्या मार्बलहेड बंदरात जकात अधिकाऱ्यांना झडती द्यावी लागे. ना खटला, ना आरोपी. पेट्या फोडणारे हाती लागले नाहीत म्हणून धक्क्यावरच्या हमालाची आणि जहाजे बांधणाऱ्या सुताराची चूल विझवली गेली, हा अन्याय मला आजही अस्वस्थ करतो. व्हर्जिनियाचा तंबाखूसुद्धा जहाजांतूनच जात होता, तेव्हा उद्या आपली पाळी येईल हे तिथल्या मळेवाल्यांना कोणी सांगावे लागले नाही. तिथल्या सभागृहाने 1 जून हा उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस ठरवताच गव्हर्नर डनमोर यांनी सभागृहच बरखास्त केले.

दुसरा प्रतिसाद:
माझ्या मते बंदरबंदीपेक्षाही मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराविषयीचा कायदा अधिक घातक होता. 1691 च्या सनदेनुसार तिथले सल्लागार मंडळ निवडले जाई. आता ते राजा नेमणार होता, आणि वर्षातून एकीपेक्षा अधिक नगरसभा भरवायच्या तर गव्हर्नरची परवानगी लागणार होती. राजाने दिलेली सनद संसद अशी मोडू शकत असेल, तर इतर वसाहतींच्या सनदांना तरी काय अर्थ उरला?

तिसरा प्रतिसाद:
दोन्ही मुद्दे मान्य आहेत, पण ही एकजूट स्वार्थाला मुरड घालून झाली हे विसरू नये. बोस्टनचा व्यापार आयता पदरात पडत असताना मार्बलहेडच्या व्यापाऱ्यांनी आपले धक्के बोस्टनकरांना वापरायला देऊ केले. फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, 1 डिसेंबर 1774 पासून ब्रिटिश मालाची आयात थांबवली. निर्यातबंदी मात्र सप्टेंबर 1775 पर्यंत पुढे ढकलली, कारण हाती असलेला तंबाखू विकल्याखेरीज व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना आपली देणी फेडता येणार नव्हती.