चवथीला मुलांना कोणता सिनेमा दाखवू?

फोंड्याची टीचर
चवथीला आम्ही सगळे सावईवेऱ्याच्या मूळ घरी जमतो. 6 ते 12 वर्षांची 11 मुलं. रात्रीची आरती झाली की भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा. यंदा खऱ्या माणसांत कार्टून वावरतं असा सिनेमा हवाय. मी चित्रकला शिकवते, म्हणून माझा जीव त्या सांध्यात अडकतो. मागच्या वर्षीच्या सिनेमात नट अस्वलाच्या डोक्यावरून भलतीकडेच बघत बोलत होता. धाकट्या भाचीने लगेच विचारलं, "मावशी, त्याला अस्वल दिसत नाही?" पुढे कुणाचंच लक्ष लागलं नाही.

डिचोलीकर
'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट', 1988. त्यातला नट बॉब हॉस्किन्सची नजर नेमकी कार्टून सशावर ठरते. एका बेडीत माणूस नि ससा अडकलेत, माणसाचं डोकं टांगत्या दिव्याला लागतं आणि दिवा झुलू लागतो. तेव्हा सशावरचा उजेड आणि सावली दर चित्रात बदलते, तीही हाताने काढलेली! सेकंदाला 24 चौकटी धरा, म्हणजे किती काम. ॲनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांच्या देखरेखीखाली झालंय ते.

मडगावची आई
टीचर, सिनेमा उत्तम, पण 6 वर्षांच्या मुलीला नको. त्यातला न्यायाधीश एका जिवंत बुटाला रसायनात बुडवून मारतो. बूट कळवळतो. माझा मुलगा 8 वर्षांचा होता, माझ्या कुशीत तोंड खुपसून रडला.
'मेरी पॉपिन्स' लावा, 1964चा. फुटपाथवर खडूने काढलेल्या चित्रात सगळे उडी मारतात आणि आत पेंग्विन वेटर नाचतात. नटांमागच्या पडद्यावर सोडियमचा पिवळा उजेड टाकून, कॅमेऱ्यातल्या प्रिझमने तो उजेड वेगळा काढला होता, म्हणजे नट मागच्या पडद्यापासून सुटे करून चित्रात बसवता आले. म्हणून मेरीच्या टोपीची झिरझिरीत जाळीसुद्धा स्वच्छ दिसते. फक्त लांबी 139 मिनिटं आहे, तेव्हा जेवणं आधी उरका.

फोंड्याची टीचर
खडूचं चित्र! मग ठरलंच. दुपारी मुलांच्या हातात खडू देते, पावसाने अंगण ओलं असलं तर ओसरीवर काढतील. रात्री त्याच चित्रांशेजारी बसून सिनेमा बघू. धाकटी झोपली की मोठ्यांना झुलत्या दिव्याचा तेवढा प्रसंग दाखवीन. डिचोलीकर, तो सुरुवातीपासून साधारण किती मिनिटांवर येतो?