'लीन' मिश्रणाला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: गाडीच्या दुरुस्तीची एक पुस्तिका मराठीत आणतोय. ऑक्सिजन सेन्सरच्या तपासणीपाशी गाडं अडलंय. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलं की ते 'लीन', जास्त असलं की 'रिच'. तापलेल्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ च्या आसपास म्हणजे 'लीन', ०.९ च्या आसपास म्हणजे 'रिच'. मी सरळ 'इंधन कमी' आणि 'इंधन जास्त' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांनी दोन्हीवर काट मारली, म्हणे अर्थ बदलतो. कसा बदलतो?

पान्हापक्कड: काट योग्य आहे. त्या सेन्सरला इंधन कळतच नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन तेवढा कळतो. एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नसेल तर पेट्रोल तसंच बाहेर जातं आणि त्याच्यासोबत न वापरलेली हवाही. सेन्सर म्हणणार लीन! सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असली तरी तेच, बाहेरची हवा आत ओढली जाते. 'इंधन कमी' वाचून बिचारा पंप आणि इंजेक्टर उचकटत बसेल.

शुद्धमती: 'कृश' आणि 'समृद्ध' हे शब्द आहेत की. आणि मुळात 'प्राणवायू संवेदक' लिहा.

पान्हापक्कड: धुराड्यात कसला आलाय प्राण?

शुद्धमती: 'ऑक्सिजन' तरी कुठे बरोबर आहे? त्याचा मूळ अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. प्रत्येक आम्लात तो असतो असं लाव्हाझिएला वाटलं होतं. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाहीच. चुकीचं ग्रीक चालतं, संस्कृत तेवढं खुपतं.

जुनाखिळा: हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळात आम्ही 'पातळ' आणि 'दाट' म्हणायचो. 'जरा पातळ कर' म्हटलं की स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळायचं. वाद नाही, समिती नाही.

शुद्धमती: पातळ द्रव असतो. वायूला 'विरळ' म्हणतात.

पान्हापक्कड: झालं! उंचावर हवा विरळ होते तेव्हा पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण रिच होतं, ताई. 'विरळ हवेत मिश्रण विरळ होत नाही' असं वाक्य छापणार का?

अर्धविराम: मग 'लॅम्डा एकच्या वर' लिहू? पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा म्हणजे लॅम्डा १, हवा त्याहून जास्त म्हणजे एकच्या वर, हे आधीच्या प्रकरणात आलंय.

पान्हापक्कड: आकडा ठेवा, पण बोलताना कोणी तसं म्हणत नाही. शब्दापेक्षा क्रियापद सांभाळा. 'सेन्सर लीन दाखवतोय' हे एक, 'गाडी लीन चालतेय' हे दुसरं. तिसरं 'सेन्सर लीनला चिकटलाय': इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते तिथे, थोडा प्रोपेन सोडून मिश्रण मुद्दाम रिच केलं तरी काटा वर येत नाही, तेव्हाचं. तुमच्या पुस्तिकेत ही तिन्ही एकाच वाक्यात कोंबली असतील तर कृश म्हणा नाहीतर धष्टपुष्ट, सेन्सर उगाच बदलला जाणार.

अर्धविराम: मूळ मजकुरात पहिली दोन एकच आहेत. आणि 'काटा' कसा? मीटर डिजिटल वापरायला सांगितलाय.

जुनाखिळा: डिजिटलच हवा, काट्याचा जुना मीटर त्या सेन्सरवर भार टाकतो आणि व्होल्टेज कमी दाखवतो. पण काटा हलतो असंच म्हणतात. घड्याळात काटे नसले तरी आपण 'काट्यावर आला' म्हणतोच ना.

रिकामटेकडा: 'पातळ' हा 'पत्रल'वरून आला म्हणतात, पानासारखं ते पातळ. म्हणजे द्रवाची मक्तेदारी नाहीच.

शुद्धमती: मग नेसायचं पातळ?

रिकामटेकडा: तेही त्यातलंच असावं, तलम म्हणून.

जुनाखिळा: तलम कुठलं! आमच्या आजीचं पातळ चांगलं जाडजूड होतं.