ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) घरी कसं करून घेता? मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही सांगलीचे, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मिक्सर लावला की कान दाबून पळतो, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडतो आणि केस कापायचे म्हणजे तर घरात युद्धच, पण दिवसभर सोफ्यावरून उड्या मारायला मात्र थकत नाही. ओटीच्या मॅडम म्हणाल्या सेन्सरी इश्यू आहेत (म्हणजे आवाज, स्पर्श वगैरे इतरांपेक्षा जास्त किंवा कमी जाणवणं), घरी हेवी वर्क द्या, म्हणजे पाण्याची बाटली उचलणं, बादली ढकलणं, कणीक मळणं वगैरे. कणीक मळायला बसतो पण हाताला चिकटली की लगेच धुवायला पळतो, मग काय करायचं? सुरुवात कोरड्या पिठापासून, रव्यापासून केली तर चालेल का?

दुसरं म्हणजे खर्च. आठवड्याला तीन सेशन झेपत नाहीत. सिव्हिलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असतं, तिथे ओटी फुकट मिळते असं ऐकलंय, कोणी प्रत्यक्ष गेलंय का? नंबर किती दिवसांनी लागतो, आणि शाळेतून किंवा अंगणवाडीतून चिठ्ठी लागते की थेट गेलं तरी चालतं?

सासूबाई म्हणतात 'याचा बाप पण असाच होता, होईल नीट', त्यामुळे घरातून फारसा सपोर्ट नाही. केस कापायची युक्ती असेल तर आधी ती सांगा, पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे 😅