मदत हवी आहे : पहिली सही झाली, दुसऱ्या सहीची तारीख मीच टाळते आहे

सर्वांना नमस्कार. मी फोंड्याची, वय 29, पणजीत एका हिशेबनीसाच्या कार्यालयात नोकरी करते. ज्याच्याशी माझे लग्न ठरले आहे तो डिचोलीचा. आमची ओळख चार वर्षांची आहे, लग्न आम्हीच ठरवले आणि दोन्ही घरांनी ते आनंदाने मान्य केले. त्याच्याविषयी माझी एकही तक्रार नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणाचा तसा समज होऊ नये.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे, त्याचा पाया 1867 ची नागरी संहिता, आणि विवाहाची नोंद दोन टप्प्यांत होते. प्रथम दोघांनी निबंधकासमोर लग्नाचा इरादा जाहीर करून सह्या करायच्या, मग हरकती मागवणारी नोटीस लागते, आणि हरकत आली नाही तर पुन्हा साक्षीदारांसह जाऊन सह्या केल्या की मगच विवाह कायद्याने पूर्ण होतो. बोलताना आम्ही एवढेच म्हणतो : 'पहिली सही झाली, दुसरी राहिली.'

माझ्या मावशीची दुसरी सही कधी झालीच नाही. देवळात लग्न लागले, हिरवा चुडा भरून ती सासरी गेली, आणि निबंधकाकडे जाण्याचा विषय निघाला की नवरा 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणत राहिला. आठ महिन्यांनी तो तिला सोडून गेला तेव्हा वकिलाने सांगितले, की कायद्याच्या नजरेत हे लग्न झालेलेच नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि आमच्या घरी परत आलेल्या मावशीच्या शेजारी झोपत असे. पुढची तीन वर्षे तिने मंगळसूत्र काढले नाही. रात्री ती ते मुठीत धरून झोपायची, आणि सकाळी तिच्या तळहातावर मण्यांचे बारीक वळ उमटलेले मी पाहिलेले आहेत.

आमची पहिली सही गेल्या महिन्यात झाली. त्या दिवशी मी शांत होते. कारकुनाने वही पुढे सरकवली, मी सही केली, बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. हरकतीची मुदत संपल्यावर मात्र त्याने दुसऱ्या सहीसाठी रजा केव्हा काढू असे विचारले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी कार्यालयातल्या कामाचे कारण सांगितले. पुढच्या वेळी आईच्या तब्येतीचे सांगितले, जे धडधडीत खोटे होते. गेल्या शुक्रवारी बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत कठड्याला टेकून उभे असताना त्याने फक्त एवढेच विचारले, 'तुला लग्न करायचे आहे ना?' मी 'हो' म्हटले आणि उतरेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिले. त्याने पुन्हा विचारले नाही, आणि त्याचे ते न विचारणे मला अधिक लागले.

त्या रात्री मला जे कळले ते लिहिताना हात जड होतो. टाकले जाण्याच्या भीतीने मी नेमके तेच करते आहे जे मावशीच्या नवऱ्याने केले. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' हे वाक्य आता माझ्या तोंडी आहे, आणि तारखेची वाट पाहणारा माणूस तो आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही भीती जुनी आहे की या नात्यातल्या खऱ्या धोक्याची सूचना आहे, हे कसे ओळखावे? आणि हे सारे त्याला सांगताना, 'तुझ्यावर माझा विश्वास नाही' असा अर्थ त्याच्या मनात उतरू नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद

ताई, मी मडगावची, निवृत्त शिक्षिका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लेखनात बरेचसे आहे. धोक्याच्या सूचनेला समोरच्या माणसाच्या वागण्यात आधार असतो : तो फोन तपासतो, अपमान करतो, पैशांचा हिशेब लपवतो, मैत्रिणींपासून तोडतो. तसे काही असते तर मी तुम्हाला थांबा असेच सांगितले असते. तुम्ही सांगितलेला प्रत्येक आधार मात्र वीस वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या घरातल्या माणसाचा आहे.

मुलाचे जवळच्या माणसांशी असलेले बंध पुढच्या आयुष्यावर परिणाम करतात, अशी मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी केली होती. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये तीच दृष्टी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली. तुमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब अशी, की टाळल्याने भीती त्या क्षणापुरती उतरते, त्यामुळे मनाला टाळण्याचीच सवय लागते आणि पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते. खोटे कारण सांगितल्यावर तुम्हाला घटकाभर हलके वाटले असेल. तेच तिचे खाद्य आहे.

त्याला सांगताना सुरुवात मावशीपासून करा, तळहातावरच्या वळांपासून करा. आईच्या तब्येतीचे खोटे होते हेही सांगा, कारण ते नंतर कळले तर जास्त दुखेल. त्याच्याकडून वचन मागू नका, केवळ ऐकून घ्यायला सांगा. मग हवे तर सही न करता दोघे एकदा त्या कार्यालयात जाऊन या आणि तिथूनच तारीख घेऊन परता. भीतीचा काही भाग व्यवहाराचा असेल तर तो वेगळा काढून वकिलाशी बोला, कारण लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आमच्या कायद्यात पतीपत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक होते, आणि तो करार लग्नानंतर करता येत नाही. झोप उडत असेल, छाती धडधडत असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा) विनामूल्य बोलता येते, आणि बांबोळीला सरकारी मनोरुग्ण संस्थेत बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ताई, मनापासून आभार. काल त्याला सर्व सांगितले, खोट्या कारणांसकट. तो बराच वेळ गप्प होता. खोट्याचे वाईट वाटले, असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि तसे वाटणे रास्तच आहे. आम्ही गुरुवारी तारीख घेण्यासाठी जाणार आहोत. भीती गेलेली नाही. हे लिहितानाही हात गार आहेत.

निघताना त्याने विचारले, की दुसऱ्या सहीला साक्षीदार म्हणून मावशीला बोलावले तर चालेल का. मला रडू आले आणि उत्तर देता आले नाही. तिने तो विषय आमच्या घरात कधी काढलेला नाही. तिला हे विचारणे म्हणजे तिची जखम उघडी करणे होईल, की इतकी वर्षे कोणी विचारले नाही हेच तिला सलत असेल? ज्यांच्या घरात असे घडले आहे, त्यांनी कृपया सांगावे.