मदत हवी आहे: चिखल, चढ आणि दमट हवा, शाळेच्या मुलींना पेसिंग, म्हणजे शेवटपर्यंत पुरेल असा वेग धरणं, कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. खेळाची शिक्षिका नाही, पण आमच्या खेळाच्या सरांची बदली झाली आणि क्रॉस कंट्रीच्या (शेतातून, माळावरून पळायच्या शर्यतीच्या) मुलींना कोणीच उरलं नाही, म्हणून जूनपासून मीच पहाटे ग्राउंडवर जाते. मी स्वतः रोज पाच-सहा किलोमीटर पळते पण स्पर्धेत कधी पळलेली नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारतेय, जाणकारांनी प्लीज वेळ काढून सांगा.

ऑगस्टमधे इथे आंतरशालेय स्पर्धा झाली, अठरा वर्षांखालच्या मुलींची, ४ किलोमीटर, २ किलोमीटरचा राउंड दोनदा. आदल्या रात्री मजबूत पाऊस, सकाळी ऊन पडलं आणि हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी ओढणी ओली होत होती. वाट अर्धी शेतातून, आणि माळव्याची काळी माती ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नकोच, एकेका बुटाला किलोभर तरी चिकटली असेल. आमच्या मुलींचे साधे कॅनव्हासचे बूट. रेसच्या आधी एक जण निंबाच्या काडीने तळवा खरवडत बसली होती, काडी मोडली तेव्हा मी पर्समधली स्टीलची पट्टी काढून दिली. तिने खरवडलं, चार पावलं चालली आणि परत तेवढीच माती.

तर आमची सगळ्यात वेगवान मुलगी सुटली ती बाणासारखी. पहिल्या किलोमीटरला तिसरी होती, ३ मिनिटं ५० सेकंद. मी आनंदाने ओरडत होते हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. दुसरा ४:३५, तिसरा ५:१०, चौथा ५:२०, एकूण १८:५५ आणि नंबर २९वा. शेवटचे दोनशे मीटर ती सरळ पळतच नव्हती, डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खात होती. रेषेनंतर दोरी धरायला हात पुढे केला तो दोरीच्या बाजूने हवेतच फिरला. मी विचारलं बाळा कितवीत आहेस, तर म्हणाली "पानी". नंतर सावलीत नेऊन पाणी ओतलं, पंधरा-वीस मिनिटांत नीट बोलायला लागली, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता हिशोब बघा. सहा जणी पळतात, पहिल्या चौघींच्या नंबरांची बेरीज, जिची कमी ती टीम पुढे. आमच्या १२, १७, २९ आणि ३४, म्हणजे ९२. तिसऱ्या आलेल्या टीमचे ८८. कोरड्या मुरुमाच्या रस्त्यावर हीच मुलगी ४ किलोमीटर १७:२० ला पळते, म्हणजे किलोमीटरला ४:२०. त्या चिखलात समजा सगळे किलोमीटर ४:३५ ने पळली असती तर १८:२०, पस्तीस सेकंद वाचले असते आणि तेवढ्यात तिच्या पुढून दहा-बारा जणी गेल्या आहेत, मी मोजल्यात.

हे सगळं मी फळ्यावर मांडून दाखवलं. मुलींनी ऐकलं, माना डोलावल्या, आणि पुढच्या ट्रायलला परत सगळ्या पहिल्याच राउंडला उधळल्या. मी रागावले तर एक जण म्हणाली, "मॅडम, पीछे रह गए तो फिर आगे कैसे आएंगे?" आणि खरं सांगते माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढची स्पर्धा ऑक्टोबरमधे, नवरात्रातच येतेय, तेव्हा निम्म्या मुलींचे उपवास आणि रात्री गरबा. वाटेत या वेळी एक चढही आहे म्हणतात. सुरुवात हळू करा हे त्यांच्या अंगात कसं उतरवू? चिखलात आणि चढावर घड्याळाचा पेस धरायचा की नाही? आणि पुन्हा कोणी तशी झोकांड्या खायला लागली तर मी तिला थांबवायचं का?

---

बडोदेकर:
ताई, सगळ्यात आधी, तुम्ही स्प्लिट, म्हणजे प्रत्येक किलोमीटरचा वेगळा टाइम, लिहून ठेवलेत हे फार म्हणजे फार चांगलं केलंत, बहुतेक जण नुसता शेवटचा टाइम सांगतात. मी बडोद्यात दहाएक वर्षं शाळेतल्या पोरांना पळवतोय. आमच्याकडे कमाटीबागेत ऑगस्ट-सप्टेंबरला सकाळी सहालासुद्धा घाम निथळतो पण सुकत नाही, आणि सगळी गडबड तिथेच आहे. घाम सुकला तर अंग गार होतं, नुसता टपकला तर काही उपयोग नाही. मग शरीर रक्त कातडीकडे ढकलतं, पायांच्या वाटचं कमी होतं, आणि त्याच वेगाला ठोके वाढत जातात. म्हणून कोरड्या रस्त्याचा ४:२० त्या दिवशी ४:२० नसतोच. चिखलात आणि चढावर घड्याळ सरळ काढून ठेवायला लावा, श्वासावर पळू द्या. मी पोरांना सांगतो, पहिल्या किलोमीटरला शेजारच्याला तीन-चार शब्द बोलता आले पाहिजेत. दुसऱ्या-तिसऱ्याला एखादाच शब्द. शेवटच्या पाचशे मीटरला काही नाही.

फळ्यावर सांगून हे उतरत नाही, अंदाजाची रेस लावा. सगळ्यांची घड्याळं काढून घ्यायची, प्रत्येकीने पळायच्या आधी सांगायचं की मी ८०० मीटर इतक्या वेळात येईन, आणि जी स्वतःच्या अंदाजाच्या सगळ्यात जवळ येईल ती जिंकली. पहिली येणारी नाही हां. पहिल्या आठवड्यात वीस-वीस सेकंदांनी चुकतील, हसतील, भांडतील. महिन्याभरात तीन-चार सेकंदांवर येतात, माझा अनुभव आहे. मग चार राउंड द्या, प्रत्येक राउंड आधीच्यापेक्षा थोडा फास्ट, आणि चौथा जमला नाही तर पहिला चुकला असं समजायचं.

---

जुना फौजी, ग्वाल्हेर:
बडोदेकरांशी सहमत, पण एका गोष्टीत नाही. क्रॉस कंट्रीत नुसतं हळू निघा सांगितलंत तर पोरी अडकतील. शंभर जणी सुटतात आणि दोन-तीनशे मीटरवर वाट निमुळती होते, तिथे मागे राहिलं की पुढे जायला कडेच्या खोल चिखलातून जावं लागतं आणि तिथेच जीव जातो. म्हणून आदल्या दिवशी सगळी वाट पायी फिरून या, पोरींना घेऊन. कुठे निमुळती होते, गवताची कड कुठल्या बाजूला आहे, चढ कुठे संपतो, सगळं बघा. सुटल्यावर पहिले दीड-दोनशे मीटर जोरात, जागा घ्यायची, आणि मग ठरलेल्या झाडापाशी किंवा खांबापाशी मुद्दाम श्वास खाली आणायचा. ते झाड आधीच ठरवा. "हळू पळ" हे पोरांना कळत नाही, "त्या बाभळीपाशी खांदे सोड" हे कळतं.

चिखलात पाऊल छोटं आणि भराभर, टाच रोवायची नाही, नजर तीन-चार मीटर पुढे. नाडी दोनदा बांधून टोक आत खोचायचं, माझा एक बूट १९९७ ला नसीराबादला चिखलात राहिला तो राहिलाच. चढावर वेग पडणार, पडू द्या, श्वास तोच ठेवायचा. बहुतेक जण माथ्यावर पोचले की सुस्तावतात, पोरींना सांगा माथ्याच्या पुढे वीस पावलं मोजून तशीच पळायची, तिथे फुकटात दोन-तीन जणी मागे पडतात.

त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिला मोबाईलवर दाखवा. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत. आपला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, फौजेत क्रॉस कंट्रीतूनच वर आलेला. पुढे तीन केनियावाले, हा मागे चिकटून, आणि शेवटी वर येऊन ८:११.२० ला रौप्य, सोनं फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. मागून पुढे असं येतात.

आणि उलटी बाजूही दाखवा. २०१७ ची वर्ल्ड क्रॉस कंट्री युगांडात कंपालाला झाली, घरच्या लोकांसमोर युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई शेवटच्या राउंडला मोठी आघाडी घेऊन पळत होता, आणि पायातलं बळच गेलं, ३०वा आला. तोच माणूस २०१९ ला डेन्मार्कमधे आरहूसला हीच स्पर्धा जिंकला, तिथे तर वाट म्युझियमच्या गवताच्या छपरावरून चढत होती. २००७ ला याच स्पर्धेत, केनियातल्या मोम्बासाच्या उकाड्यात, इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेसारख्या दिग्गजाला रेस सोडावी लागली. तेव्हा तुमच्या मुलीने काही गुन्हा केलेला नाही, तिला हे आवर्जून सांगा.

---

उज्जैनची डॉक्टर:
मॅडम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण बाकी सगळं नंतर. हो, थांबवायचं. झोकांड्या, चुकीची उत्तरं, अंगावर काटा येऊन थंडी वाजतेय म्हणणं, यातलं काहीही दिसलं की रेस संपली, रेषा पन्नास मीटरवर असली तरी. तुमच्या मुलीला कितवीत आहे ते सांगता आलं नाही, ही साधी दमणूक नव्हती. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, पळणाऱ्यांना घाम येत असतानाही होतो. अशा वेळी आधी गार करायचं आणि मग हॉस्पिटल, उलट नाही. सावली, कपडे सैल, भरपूर गार पाणी अंगावर ओतत राहायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. टब मिळाला तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा. बोलण्यात गोंधळ असेल तर तोंडातून पाणी पाजू नका, ठसका लागतो. रेसच्या दिवशी बर्फाची एक पेटी आणि दोन बादल्या तुमच्याबरोबर असू द्यात, आयोजकांच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, या महिनाभरात सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात, पाळी सुरू असताना, लोह कमी असणं फार कॉमन आहे आणि अशी मुलगी तिसऱ्या किलोमीटरला बसते, मग आपण म्हणतो हिचा स्टॅमिना नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, रेस नऊला असेल तर शेवटचे दोन आठवडे थोडं थोडं करून त्या वेळेलाही पळवा, नुसतं पहाटे साडेपाचला नको.

नवरात्राचं म्हणाल तर आयांना शाळेत बोलावून बोला, मुलींना एकटीला घरी हे मांडता येत नाही. मराठी घरांत उठता-बसता उपवास करण्याची सोय आहेच, रेस मधल्या दिवसांत असेल तर प्रश्न सुटला. जिचे नऊ दिवसांचे आहेत तिला आदल्या रात्री उकडलेले बटाटे, रताळं, दूध, आणि सकाळी दोन-अडीच तास आधी केळं-खजूर. साबुदाण्याची खिचडी रेसच्या सकाळी नको, जड पडते. निर्जळी असेल तर पळायचं नाही, इथे मी तडजोड करणार नाही. आणि आदल्या दोन रात्री गरबा नऊला बंद.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. डॉक्टर ताई, तुमचं वाचून हात थरथरले, त्या दिवशी मी तिला ग्लासने पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. बर्फाची पेटी आमच्या कॅन्टीनवाल्या भाऊंनी द्यायचं कबूल केलंय. हिमोग्लोबिनसाठी आयांची सभा शनिवारी आहे.

अंदाजाची रेस आज लावली. ती वेगवान मुलगी म्हणाली ३:१०, आली २:५१, म्हणजे अजून तीच सवय. आणि जिंकली कोण, तर ऑगस्टला ३४वी आलेली आमची सगळ्यात शांत मुलगी, फक्त चार सेकंदांनी चुकली. तिला विचारलं कसं गं जमलं, तर म्हणते मी श्वास मोजते, तीन पावलांत आत दोन पावलांत बाहेर, आजीबरोबर पहाटे चालायला जाते तेव्हापासून. मी तिला तीन महिने "जोरात पळ, जोरात पळ" म्हणत होते.

आता एक नवीन विचार डोक्यात आलाय, तो बरोबर आहे का सांगा. पहिल्या राउंडला वेगवान मुलीला या शांत मुलीच्या मागे ठेवायचं, दोघी एकत्र, आणि दुसऱ्या राउंडच्या चढानंतर तिला सोडायचं. वेगवान मुलीला विचारलं तर आधी तोंड पाडलं, मग म्हणाली, "मॅडम, चढाव के बाद पक्का छोड़ दोगे ना?" पण यात शांत मुलगी दबावाखाली येऊन स्वतःचा श्वास विसरेल अशी भीती वाटते.

---

जुना फौजी, ग्वाल्हेर:
विचार बरोबर आहे, फक्त शांत पोरीला हे सांगू नका की ती कोणाला ओढतेय. तिला म्हणा तू तुझी पळ. वेगवान पोरीला सांगा हिच्या खांद्याच्या मागे दोन हात अंतर ठेव, पुढे गेलीस तर राउंड परत. आणि आधी चढावर करून बघा, सपाट ग्राउंडवर सगळेच शहाणे असतात.

---

धागाकर्ती:
ठीक आहे काका. रविवारी पहाटे बिजासनच्या टेकडीवर नेते सगळ्यांना, रात्री पाऊस झाला तर आणखी बरं. घड्याळ फक्त माझ्याकडे असेल. दोघींचे स्प्लिट संध्याकाळी इथेच टाकते.